लव्हबर्डचा रंग विचारण्याआधी आईबाप विचारा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लव्हबर्ड पाळून घरबसल्या कमाई करण्याविषयीचा लेख वाचला. लिहिणाऱ्याचा उत्साह दांडगा आहे आणि हा विषय मुळात छापला गेला याचं बरंही वाटलं. पण लेखासोबतचा फोटो बजरीगारचा आहे, मजकुरात 'लुटिनो, अल्बिनो, ओपलाइन अशा दुर्मीळ जाती' असं वाक्य आहे, आणि शेवटी 'एक महागडी जोडी घ्या, दोन विणींत पैसे वसूल' असा सल्ला आहे. तिन्ही ठिकाणी ठेच लागली, म्हणून हे पत्र. मी मिरजेची. उभा जन्म पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघण्यात गेला, आता निवृत्त आहे. गच्चीवर पीचफेस आणि फिशर या जातींचे लव्हबर्ड आहेत, त्यांची पिल्लं विकतेही. तेव्हा पक्षी विकून चार पैसे मिळवण्याला माझा आक्षेप आहे असं कुणी समजू नये.

फोटोचं लवकर आटपते. आपल्याकडे निम्मे दुकानदार बजरीगारलाच लव्हबर्ड म्हणून विकतात, त्यामुळे दोष एकट्या तुमच्या फोटोवाल्याचा नाही. बजरीगार ऑस्ट्रेलियाचा, लांब शेपटीचा, मडक्यात खुशाल अंडी घालणारा. लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा, अंगाने थोराड, चोच जाड. पिंजऱ्याच्या गजातून बोट आत घालून पाहा, दोघांतला फरक आयुष्यभर लक्षात राहील.

जातींचं मात्र इतक्यात आटपत नाही. ॲगापॉर्निस या प्रजातीत लव्हबर्डच्या एकूण नऊ जाती आहेत. नामिबिया-अंगोलाकडच्या कोरड्या मुलखातला पीचफेस, टांझानियातले फिशर आणि मास्क, मलावी-झांबियाकडचा न्यासा, झांबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातला ब्लॅक चीक, इथिओपियाच्या डोंगरांतला ॲबिसिनियन, मध्य आफ्रिकेतला लाल डोक्याचा, मादागास्करचा राखाडी डोक्याचा, आणि नववा स्विंडर्न, जो घनदाट जंगलात रानअंजिरांवर जगतो आणि पिंजऱ्यात तग धरत नाही. आपल्या बाजारात खऱ्या अर्थाने फिरतात ते तीनच: पीचफेस, फिशर, मास्क. ओळखायला सोपे. फिशर आणि मास्कच्या डोळ्याभोवती उघड्या कातडीचं ठसठशीत पांढरं कडं असतं, पीचफेसला ते नसतं. फिशरचा चेहरा शेंदरी, मास्कचं डोकं काळं आणि गळ्याला पिवळा पट्टा.

लुटिनो, अल्बिनो, ओपलाइन या जाती नव्हेत. ते या जातींत आलेले रंगाचे बदल, म्हणजे म्युटेशन. 'शब्दांत काय अडकायचं' असं कुणी म्हणेल. अडकायचं अशासाठी, की जात विसरून नुसता रंग पाहिला की फसवणूक सुरू होते. ती कशी, ते पुढे सांगते. आधी रंगाचं बघू.

लव्हबर्डच्या पिसात हिरवा रंग नसतोच. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवर उजेड विखुरतो आणि मागच्या मेलॅनिनच्या काळ्या थरामुळे तो निळा उठून दिसतो. त्याच्यावर पिवळं रंगद्रव्य. निळ्यावर पिवळी काच धरावी तसा प्रकार, दोन्ही मिळून डोळ्यांना हिरवं दिसतं. हे पिवळं-लाल रंगद्रव्य पोपटवर्गातले पक्षी स्वतःच्या शरीरात तयार करतात. ते खाण्यातून येत नाही. त्यामुळे रंग खुलावा म्हणून बीट आणि गाजर कोंबणाऱ्या मंडळींनी ते खुशाल घालावं, पक्ष्याला चांगलंच आहे, पण त्याने चेहरा लाल होणार नाही.

आता एकेक वजा करत जा. पिवळं द्रव्य तयार होणं थांबलं की उरतो निळा. मेलॅनिन गेलं की उरतो पिवळाधमक, लाल डोळ्यांचा लुटिनो. दोन्ही गेलं की पांढराशुभ्र अल्बिनो. २०१७ मध्ये बजरीगारवरचं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात एका जनुकातल्या एका बारीकशा बदलाने पिवळं द्रव्य तयार होणं बंद पडतं असं दिसलं. इतक्याशा गोष्टीवर बाजारातले भाव नाचतात.

पीचफेसमध्ये निळा म्हणून जे विकतात ते बहुधा ॲक्वा किंवा टर्क्वाइज असतं. पिवळं द्रव्य पुरतं गेलेलं नसतं, अर्धवट राहिलेलं असतं. म्हणून त्यात लुटिनो मिसळला की स्वच्छ पांढरा न येता सायीसारखा पिवळट क्रिमिनो येतो. कुणी 'पीचफेस अल्बिनो' म्हणून दुधासारखा पांढरा पक्षी पुढे केला तर डोळ्याभोवती बघा. कडं असेल तर तो फिशर-मास्कच्या घरचा आहे. मग गडदपणाचं वेगळंच खातं: एक डार्क फॅक्टर, म्हणजे रंग गडद करणारा बदल, आला की निळ्याचा कोबाल्ट (गडद निळा), दोन आले की मॉव्ह (करडट निळा), आणि कोबाल्टवर व्हायोलेट बसला की तो जांभळा रंग, ज्याच्यापायी हल्ली सगळे वेडे झालेत.

यातल्या प्रत्येक रंगाला जन्मगाव आहे. निळा मास्क १९२० च्या दशकात जंगलातून पकडून आणलेल्या पक्ष्यांत निघाला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. पीचफेसमधला ॲक्वा १९६३ साली नेदरलँड्समध्ये आला, म्हणून जुने लोक अजून त्याला 'डच ब्लू' म्हणतात. ओपलाइन, म्हणजे ज्याच्या चेहऱ्याचा लाल रंग टोपी घातल्यासारखा मागे डोक्यावर उतरतो तो, १९९० च्या दशकातला अमेरिकन. म्हणजे लेखात 'प्राचीन काळापासून राजेरजवाड्यांकडे असलेले' असं जे वर्णन आहे ते निदान ओपलाइनबद्दल तरी खरं नाही.

आता फसवणूक. शेजारचा एक मुलगा आहे, नुकताच बारावी झालेला, हुशार. त्याने कुठूनशी पीचफेसची जोडी आणली, नर लुटिनो आणि मादी साधी हिरवी. मादीसाठी साध्या हिरव्या मादीच्या तिप्पट पैसे मोजले होते.

"काकू, ही नुसती हिरवी नाही, स्प्लिट लुटिनो आहे. त्यांनी लिहून दिलंय."

स्प्लिट म्हणजे दिसायला हिरवी, पण रक्तात लुटिनो दडलेला. मी त्याला वहीच काढायला लावली. पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रं झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू, आपल्या नेमकं उलट. पीचफेसचा लुटिनो झेड गुणसूत्रावर बसतो. नराकडे झेड दोन, त्यामुळे एकावर लुटिनो आणि दुसऱ्यावर साधा असू शकतो, तो स्प्लिट. मादीकडे झेड एकच. त्यावर लुटिनो असला तर ती पिवळी दिसणारच, नसला तर नाहीच. मधली अवस्था तिला नाही. पीचफेसमध्ये लुटिनो स्प्लिट मादी नावाची चीज जगात नसते. ओपलाइनचं तेच, सिनॅमन नावाच्या आणखी एका रंगाचं तेच.

यातली खरी गंमत पुढे आहे. त्या जोडीला पिल्लं झाली आणि त्यांत पिवळी निघाली! पोरगा धावत वर आला, "बघा काकू, मादी स्प्लिट होतीच." पिवळी निघणारच होती. लुटिनो नर आणि हिरवी मादी लावली की सगळ्या मुली पिवळ्या आणि सगळे मुलगे हिरवे येतात. मुलींना एकुलता झेड बापाकडून मिळतो, आईचा संबंधच येत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो अशा मादीसोबत लुटिनो नरच देतो. गिऱ्हाईक खूश, तक्रार कधीच येत नाही. मी म्हटलं, पिवळ्या पिल्लांची पिसं नर-मादी ओळखायला डीएनएला पाठव. पाठवली. सगळ्या माद्या. त्यानंतर त्याने विकणाऱ्याला फोन लावला, तर उत्तर मिळालं, "रिझल्ट आला ना? मग झालं तर."

आणि जात का विचारायची ते इथे कळतं. फिशर आणि मास्कमध्ये लुटिनोचा बदल लिंगगुणसूत्रावर नसतो, त्यामुळे तिथे स्प्लिट लुटिनो मादी खरोखर असते. तेच वाक्य फिशरबद्दल खरं, पीचफेसबद्दल थाप. 'लुटिनो ही एक जात' असं छापलंत की वाचक ही थाप ओळखूच शकत नाही.

जाती वेगळ्या आहेत हे गुणसूत्रांची भानगड नको असेल त्याने नुसतं डोळ्यांनी पाहावं. मी घरटं करायला नारळाची ओली झावळी देते. पीचफेसची मादी पात्याच्या कडेने चोचीने टक टक टक असं टोचत जाते, रेल्वेच्या जुन्या तिकिटावर असायची तशी भोकांची ओळ पडते, आणि मग एका सरीत सात-आठ सेंटिमीटरची पट्टी सुटते. रुंदी सगळीकडे सारखी. ती पट्टी ती मान मागे वळवून कमरेच्या पिसांत खोचते. अशा चार-सहा पट्ट्या खोचून झाल्या की पाठीवर झाडू बांधल्यासारखी घरट्याच्या पेटीत शिरते. निम्म्या वाटेत पडतात, तिला पर्वा नसते. शेजारच्या पिंजऱ्यातली फिशरची मादी तीच झावळी घेते, पण खोचत नाही. एक पट्टी चोचीत धरायची आणि न्यायची, पुन्हा यायचं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांनी या दोघांचा संकर करून पाहिला आणि १९६२ मध्ये त्यावर लिहिलं. संकरित पक्ष्यांना दोन्ही सवयींचे अर्धे अर्धे तुकडे मिळाले. पट्टी कमरेत खोचायला जायची, पण खोचताना चोच सोडायचीच नाहीत, किंवा खोचलेली लगेच ओढून काढायची. चोचीतून नेलं की काम होतं हे हळूहळू कळलं, त्यालाही वर्षं लागली, आणि तरी नेण्याआधी मान पाठीकडे वळवण्याचा चाळा सुटला नाही. हे वाचल्यापासून कुणी 'पीचफेस-फिशर क्रॉस, युनिक कलर' असं म्हणत पक्षी पुढे केला की मला त्या मानेची आठवण होते. शिवाय असे पक्षी वांझ निघतात. ज्याने जास्त पैसे देऊन घेतला तो वर्षभर पेटीत कोरी अंडी बघत बसतो.

फिशर, मास्क, न्यासा, ब्लॅक चीक या चार कड्याच्या जातींचा गुंता याहून वाईट, कारण त्यांची संकरित पिल्लं वांझ नसतात. ती पुढे वीण देतात, त्यांची पिल्लंही देतात, आणि चार पिढ्यांत काय कशाचं होतं ते सांगता येत नाही. केनियातल्या नैवाशा सरोवराच्या परिसरात पाळलेले सुटलेले फिशर आणि मास्क असे मिसळून गेलेत की तिथे मिश्र पक्ष्यांचीच वस्ती झाली आहे. आपल्या बाजारात हिरवा फिशर घ्यायला गेलात तर कपाळ आणि डोक्याचा माथा नीट बघा. शेंदरी रंगावर काजळी फिरवल्यासारखी करडी झाक दिसली तर मास्क कुठेतरी मागे आहे. दहापैकी किती असे निघतात ते मी मोजलेलं नाही. पण काजळी नसलेला फिशर दिसला की मी तिथे थांबते, इतकं नक्की.

इथे एक कबूल केलं पाहिजे. यातले काही रंग संकरातूनच आलेत. कड्याच्या जातींतला लुटिनो मुळात न्यासामध्ये निघाला, ऑस्ट्रेलियात, १९३० च्या दशकात. तिथून तो संकर करून फिशर आणि मास्कमध्ये नेला गेला. म्हणजे आज ज्याला आपण लुटिनो फिशर म्हणतो त्याचा एखादा खापरपणजोबा न्यासा असतो. मी काही सोवळ्यातली नाही. पण ज्यांनी हे नीट केलं त्यांनी पिढ्यान् पिढ्या वह्या ठेवल्या, मूळ जातीच्या स्वच्छ पक्ष्यांशी पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या, आणि पायात जन्मसाल घातलेली बंद रिंग घातली. आपल्याकडे एका कॉलनी पिंजऱ्यात फिशर, मास्क, पीचफेस एकत्र सोडायचे आणि जे निघेल त्याला नवं इंग्रजी नाव द्यायचं, असं चालतं.

बंद रिंगचं लेखात नावही नाही. लव्हबर्डसाठी साधारण साडेचार मिलिमीटरची. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना तीन बोटं पुढे घेऊन उरलेलं मागचं बोट पायाला समांतर धरून ती सरकवावी लागते. दोन दिवस लवकर घातली तर गळून पडते, दोन दिवस उशीर झाला तर चढत नाही. नंतर तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून पक्ष्याचं वय आणि घर यांचा पुरावा तिच्याएवढा सोपा दुसरा नाही. फार तर काही रुपयांचा खर्च. तरी बाजारात तुम्हाला रिंगवाला पक्षी शोधावा लागतो.

'दोन विणींत पैसे वसूल' याविषयी माझं मत स्पष्ट आहे: असं छापू नका. वसुलीची घाई झाली की माणूस पेटी काढून घेत नाही. मादी चार-सहा अंडी घालते, तेवीसेक दिवस बसते, पिल्लं सहाएक आठवड्यांनी बाहेर पडतात, तोवर हिने पुढची अंडी घातलेली असतात. वर्षभर हेच चाललं की अंगातलं कॅल्शियम संपतं, समुद्रफेस घालून भरून येत नाही, आणि एके सकाळी अंडं अडकलेली मादी पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसलेली सापडते. महागड्या रंगाच्या माद्यांच्या वाट्याला हे जास्त येतं, कारण त्यांनाच जास्त पिळतात. मी वर्षाला दोन विणी घेते आणि पेट्या उतरवते. लाल डोळ्यांच्या पक्ष्यांना मेलॅनिन नसल्याने उजेड सोसत नाही, त्यांना गच्चीवर सावलीचीच बाजू हवी. हेही लेखात यायला हवं होतं.

भाव कोसळतात त्याचाही हिशेब नाही. नवा रंग आला की पहिल्या दोन-तीन वर्षांत चढा भाव, मग सगळ्यांकडे तो होतो आणि ज्याने शेवटी घेतला तो बुडतो. मी लुटिनोचा भाव उतरताना पाहिला, ॲक्वाचा पाहिला, ओपलाइनचाही उतरतो आहे. आणि दरम्यान हिरवा कुणालाच नको असतो. 'साधा' म्हणून तो फुकटात जातो. पण कुठलाही रंग बिघडू लागला, पक्षी बारीक आणि अशक्त होऊ लागले, की सुधारायला धडधाकट हिरवाच लागतो. माझ्याकडे रंगीतपेक्षा हिरवे जास्त आहेत ते या कारणाने.

कायद्याचा उल्लेख लेखात एका ओळीत आहे, 'परदेशी पक्ष्यांना परवानगी लागत नाही'. हे अर्धवट आहे आणि वाचक अडचणीत येऊ शकतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्या-पक्ष्यांची यादी तिने चौथ्या अनुसूचीत आणली, आणि अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची. पीचफेस २००५ पासून त्या आंतरराष्ट्रीय यादीतून वगळलेला आहे, म्हणून त्याला ही भानगड नाही. फिशर आणि मास्क मात्र यादीत आहेत. रंग कुठलाही असो, अल्बिनो फिशर हाही फिशरच. आता सांगा, ज्याला 'लुटिनो' एवढंच लिहून पक्षी विकला त्याने नोंद कुठली करायची? आणि आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे ते वेगळंच. ते लेखात नीट लिहिलंय, त्याबद्दल आभार.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत खुलासा छापावा आणि पुढच्या लेखात भावांच्या तक्त्याऐवजी पक्षी घेताना काय विचारायचं ते द्यावं. मी विकलेल्या प्रत्येक पक्ष्यासोबत एक चिठ्ठी देते: जात, रिंगचा नंबर, अंड्यातून निघाल्याची तारीख, आईचा आणि बापाचा रंग, आजीआजोबांपैकी जे माहीत असेल ते. जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असं लिहिते. त्या ओळीवर बोट ठेवून काही गिऱ्हाइकं भाव पाडून मागतात आणि काही तर पक्षी न घेताच जिना उतरतात. जाऊ देत.

आपली,
एक वाचक, मिरज
(नाव छापू नये ही विनंती.)